दोघेही पिवळे

पासो ओन्दो, २२ एप्रिल १९६३

दार्दो,

पेटीचं दार उघडलं तरी तो बाहेर येईना. गाडी निघून गेली, फलाट रिकामा झाला, आणि मी वाकून, पेटीत तोंड घालून, कुत्र्याची मनधरणी करते आहे. स्टेशनमास्तर मागे उभा होता. म्हणाला, "बाई, हा कुत्रा आहे की भाडेकरू?" शेवटी आम्ही दोघांनी पेटी कलती केली, तेव्हा पोतं सांडावं तसा बाहेर पडला. उठला, अंग झटकलं आणि स्टेशनमास्तरच्या बुटावर मुतला. आल्यापासून एवढंच एक बरं काम त्याने केलं आहे.

तुझी चिठ्ठी पेटीला बांधलेली होती. जनावर पाठवायच्या आधी विचारतात, दार्दो. निदान चिठ्ठी तरी आधी पाठवतात. बरं, चिठ्ठी तीही टाईप केलेली. मी काय तुझ्या बँकेची थकबाकीदार आहे? वर "विषय : दुके" एवढंच घालायचं राहिलं.

कारण लिहिलंस की भुंकतो, शेजारी तक्रार करतात. कुत्रा जन्मभर गच्चीवर ठेवला तर तो भुंकणार नाही तर काय करणार? तिथून त्याला माणसं दिसतात ती वरून, नुसती डोकी. मीसुद्धा भुंकले असते.

आता माझी अडचण ऐक. तुला आठवत असेलच, पण बँकेत बसून माणूस पुष्कळ विसरतो. ही दोन्ही पिल्लं एका वेताची. एक तू बुटाच्या खोक्यात घालून मॉन्टेव्हिडिओला नेलंस, माबेलला कुत्रा हवा होता म्हणून. दुसरं मी त्याचे डोळे उघडायच्या आत मेंढीला लावलं, बाबा लावायचे तसं. मेंढी खुंटीला बांधायची, पिल्लू आचळाशी धरायचं, मेंढीने लाथ मारली तरी धरायचं. अंथरूण लोकरीचं, तेही मेंढवाड्यात. घरात घ्यायचं नाही, कुरवाळायचं नाही, दुसऱ्या कुत्र्याचं तोंड दाखवायचं नाही. अनाथ कोकराला म्हणतात ते नाव, ग्वाचो, त्याला ठेवलं तेव्हा तू हसला होतास. आज तो स्वतःला मेंढी समजतो. कोल्हा येवो, अनोळखी माणूस येवो, तो कळपाच्या पुढे येऊन उभा राहतो. गेल्या वर्षी माझं एकही कोकरू गेलं नाही.

आणि तू त्याच्याकडे कुत्रा पाठवतोस. त्याचाच भाऊ.

दुकेला मी गाड्याच्या छपराखाली बांधला आहे, मेंढवाड्यापासून लांब. दोघांची गाठ पडू देणार नाही. हा येणारा हिवाळा संपला की घेऊन जा.

एक गोष्ट मला कळली नाही. त्याला बांधायला मी चामड्याचा पट्टा घेऊन गेले होते. मार खाल्लेला कुत्रा पट्टा बघितला की अंग चोरतो. हा चोरत नाही. पट्टा धरलेल्या हाताकडे बघत उभा राहतो. मी पट्टा टाकून दोर आणला.

माबेलने या वेळी चिठ्ठीच्या तळाशी काही काढलं नाही. ती बरी आहे ना?

ओफेलिया


मॉन्टेव्हिडिओ, ३ मे १९६३

ओफेलिया,

टाईप करतो कारण बँकेत मशीन आहे आणि घरी वेळ नाही. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

स्पष्ट लिहायला हवं होतं, ते आता लिहितो. दुके चावला आहे. घरात लहान मुलगी असताना असा कुत्रा ठेवता येत नाही, हे तुलाही पटावं. माबेल ठीक आहे, शाळेत जाते. त्याविषयी पुन्हा विचारू नकोस, घरात सगळ्यांना त्रास होतो.

माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. रोज मांस मिळत होतं. वर पत्रा होता. पाऊस लागत नव्हता. गल्लीतल्या निम्म्या घरांत गच्चीवर कुत्रा आहे आणि त्यांतला एकही मालकाच्या घरात कोणाला चावत नाही. फरक असेल तर रक्ताचा आहे. त्यांची आई तुझ्याकडची होती, कबूल. बाप कोण? तूच म्हणाली होतीस की ओढ्यापलीकडच्या टेकड्यांतला रानकुत्रा असावा. मग झालं तर. रानकुत्र्याचं पोर माणसात आलं म्हणून त्याचे दात माणसाळत नाहीत.

तुझा मेंढीच्या दुधाचा विधी मला नेहमीच गमतीचा वाटला. बाबा करायचे म्हणून तू करतेस. दुधाने रक्त बदलत नाही. ग्वाचो शांत आहे, कारण त्याची वेळ अजून आलेली नाही.

दुकेने काही केलं तर गोळी घाल. मी विचारणार नाही. माबेलला काय सांगायचं ते मी बघेन.

दार्दो


पासो ओन्दो, १९ मे १९६३

दार्दो,

नऊ वर्षांच्या पोरीला कुत्रा चावतो, आणि मला तू "भुंकतो" म्हणून कळवतोस. कपाळावर हात मारून घेतला मी. कुठे चावला? हाताला, पायाला, तोंडाला? टाके पडले का? "पुन्हा विचारू नकोस" म्हणे. मी तिची आत्या आहे. विचारणार.

आणि रक्त, रक्त करू नकोस. ग्वाचोचं रक्त तेच आहे. मागच्या महिन्यात एक वांड मेंढी त्याच्या अंगावर पाय देऊन पलीकडे गेली, त्याने डोळासुद्धा उघडला नाही. तू एका पिल्लाला गच्चीवर टाकलंस, वाढला तसा वाढला, आणि आता त्याच्या बापाला शोधायला टेकड्यांत निघालास. ज्याच्या घरात कुत्रा बिघडतो त्याला कुत्र्याचा बाप आठवतो, हे मी इथे पुष्कळदा पाहिलं आहे.

पण तुझी हजेरी घ्यायला हे पत्र लिहीत नाही. इथे वाईट झालं आहे.

गेल्या मंगळवारी दुपारी, सगळे झोपतात त्या वेळी, दुकेने दोर कुरतडला. उठले तर छप्पर रिकामं. मेंढवाड्यापाशी ग्वाचोही नाही. कळप एकटा कुरणात. असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी दोघे ओढ्याच्या बाजूने आले, भिजलेले, शेजारी शेजारी, पावलाला पाऊल लावून. ग्वाचोला कुत्र्याबरोबर चालताना मी पहिल्यांदा पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दोघांना खायला घातलं.

दुसऱ्या दिवशी शेजारचा म्हातारा अनीबाल आला. फाटकाच्या आत आला, पण घोड्यावरून उतरला नाही. खोगिराच्या पिशवीतून मेंढ्यांचे कान काढून खांबावर ठेवले. त्याच्या खुणेचे. तीन मेंढ्या, तिन्ही गाभण.

"पोरी, तुझा कुत्रा चटावला."

"कोणता?"

"पिवळा."

"दोघेही पिवळे आहेत."

"मग तुझी अडचण दुप्पट."

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"लांबून पाहिलं. पिवळं काहीतरी पळत होतं. डोळे माझे म्हातारे असतील, मेंढ्या मात्र खऱ्याच मेल्या आहेत."

मी म्हणाले, खाली उतरा, प्यायला माते टाकते. तो नाही म्हणाला. रीत तुला माहीत आहे. चटावलेला कुत्रा विकायचा नाही, कोणाला द्यायचा नाही, विष घालायचं नाही. मालकाने आपल्या हाताने गोळी घालायची, शेजाऱ्याने बघायची. मग शेजारी घोड्यावरून उतरतो, दोघे एका भोपळ्यातून माते पितात आणि तो विषय पुन्हा कोणी काढत नाही. तोपर्यंत तो माझ्या दारात उतरणार नाही. कातरणीला माणसं पाठवणार नाही. ओढा त्याच्या कुरणातून येतो, तेही त्याने आठवणीने बोलून दाखवलं.

माझ्या कळपातल्या तीन चांगल्या मेंढ्या त्याच्यामागे हाकून दिल्या. त्या त्याने नेल्या. जाताना म्हणाला, "मेंढ्या व्यायला लागायच्या आत उरक. तुझ्या बापाने एवढी चौकशी केली नसती."

"बाबांनी दोघांना मारलं असतं आणि जेवायला बसले असते."

"मग? जेवण गार कशाला करायचं?"

कोणी केलं ते कळेपर्यंत मी बंदूक काढणार नाही.

ओफेलिया


मॉन्टेव्हिडिओ, १ जून १९६३

ओफेलिया,

यात कळायचं काय राहिलं आहे?

एक कुत्रा कधी कोणाला चावला नाही. दुसरा चावलेला आहे, हे मी तुला लेखी कळवलं आहे. दुसरा आल्यावर तीन आठवड्यांत मेंढ्या मरतात. बँकेतला नवा कारकूनसुद्धा ही बेरीज करील. अनीबालला बोलाव, दुकेला गोळी घाल, माते प्या.

तू हे लांबवते आहेस, कारण तुला मी चुकलो हे सिद्ध करायचं आहे. लहानपणापासून तुझं हे असंच. एक मेलेली मेंढीसुद्धा तू माझ्याशी वाद घालायला वापरशील.

माबेल बरी आहे.

दार्दो


पासो ओन्दो, १४ जून १९६३

दार्दो,

तुझी बेरीज मी करून पाहिली. उत्तर येत नाही.

आधी दुकेला साखळीने बांधला आणि ग्वाचोला नेहमीसारखा कळपात ठेवला. आठवडा गेला. कुठे काही नाही. अनीबालच्या मेंढ्या कुंपणाला अंग घासत चरत होत्या, ग्वाचोने त्यांच्याकडे मान वळवली नाही.

मग उलट केलं. ग्वाचोला मेंढवाड्यात कोंडलं आणि दुकेला सोडला. मी घोडीवर खोगीर चढवून, बंदूक घेऊन तयार बसले होते. तो फाटकापर्यंत गेला, वास घेतला, परत आला, लाकडांच्या ढिगावरून स्वयंपाकघराच्या छपरावर चढला आणि वर जाऊन झोपला. शहरातली सवय. रोज तेच. बेंतोस दूधवाला म्हणाला, "बाई, तुमच्या घराला कुत्र्याची टोपी आली." मेंढ्यांकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. त्याला मेंढी म्हणजे काय हेच माहीत नसावं.

काल दोघांना सोडलं.

दुपारी निघाले. मी अंतर ठेवून मागे गेले. ओढा ओलांडेपर्यंत दोन कुत्रे चालत होते. पलीकडे गेल्यावर ते दोन राहिले नाहीत. याहून नीट मला सांगता येत नाही. एकाने कान टवकारले की दुसरा पळत असायचा. त्यांनी अनीबालची एक मेंढी तारेपाशी अडवली. एकाने मागचा पाय धरला, एकाने गळा. कोणी काय धरलं ते विचारू नकोस. धूळ नव्हती, उजेड चांगला होता, मी बघत होते, तरी सांगता येत नाही. हवेत बार काढला तेव्हा दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. एकच तोंड दोनदा.

तेव्हा तुझं रक्त गेलं खड्ड्यात आणि माझं दूधही गेलं. एकटा ठेवला की हाही गरीब, तोही गरीब. ज्या दिवशी तू पेटीवर पत्ता लिहिलास त्या दिवशी हा दोघांचा मिळून एक कुत्रा तयार झाला. त्यात माझीही भर आहे. दोघे शेजारी चालत आले तेव्हा मी त्यांना खायला घातलं.

अनीबालला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मग दोघे."

मी म्हणाले, "एक."

"पोरी, हा बाजार नाही."

"एक, आणि दुसऱ्याची हमी माझी."

तो थुंकला. माझ्यावर नाही, बाजूला. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येतो म्हणाला.

तू जिंकलास असं समज. शनिवारी दुकेला गोळी घालते. ग्वाचो नसेल तर या वेळची निम्मी कोकरं कोल्हे नेतील, आणि निम्म्या कोकरांवर मी वर्ष काढू शकत नाही. दुके जाईल, ग्वाचो एकटा पडेल, पुन्हा मेंढी होईल. होईल असं मी धरून चालले आहे.

फक्त एक कर. माबेलला कुठे चावला ते तू दोन पत्रांत लिहिलेलं नाहीस. गोळी घालायच्या आधी तेवढं मला कळू दे. मन घट्ट करायला उपयोग होईल.

ओफेलिया


मॉन्टेव्हिडिओ, २० जून १९६३

ओफेलिया,

मी तुमची भावजय, पण तुम्हाला कधी वेगळं पत्र लिहिलं नाही. दार्दोच्या पत्राच्या खाली "नेलीचाही नमस्कार" असतो, तेवढाच आपला परिचय.

तुमचं पत्र तो जेवणाच्या टेबलावर विसरून गेला. मी वाचलं.

माबेलला कुत्रा कधीच चावला नाही. तो दार्दोला चावला.

माबेलने त्याच्या पांढऱ्या शर्टावर शाई सांडली होती. त्याने पट्टा काढला, नेहमीसारखा. मी स्वयंपाकघरात होते. गच्चीच्या जिन्याचं दार मी कपडे वाळत घालून येताना उघडं ठेवलं होतं. मुद्दाम नाही. मुद्दाम ठेवलं असतं तर मला आज बरं वाटलं असतं. कुत्रा त्या जिन्याने खाली आला. तो भुंकला नाही. त्याने दार्दोचा उजवा हात तोंडात धरला आणि धरून ठेवला. पट्टा खाली पडला तेव्हा सोडला. मग माबेलच्या पुढे जाऊन बसला आणि तिथून हलला नाही. दार्दो ओरडत होता, रक्त फरशीवर होतं, आणि तो नुसता बसला होता.

कुत्रा खाली आला. मी स्वयंपाकघरातच होते.

त्याने तिकडे मेंढ्या मारल्या असतील. ते मला समजत नाही, ते तुमचं आहे. तुम्हाला कोकरं वाचवायची आहेत हेही मला कळतं. तुम्ही गोळी घातली तरी मी तुम्हाला काही म्हणणार नाही. पण तो का चावला हे माहीत नसताना घालू नये, म्हणून लिहिलं.

माबेल रोज विचारते. मी सांगते, तो त्याच्या भावाकडे गेला आहे. कुत्रा गेल्यापासून ती दार्दोशी बोललेली नाही. तो म्हणतो, हट्टी आहे, तुमच्यावर गेली आहे.

मी लिहिलं हे त्याला कळलं तर कळू दे. पण नाही कळलं तर बरं.

नेली


पासो ओन्दो, ३० जून १९६३

दार्दो,

काल अनीबाल आला. ठरल्याप्रमाणे फाटकाच्या आत, घोड्यावर.

मी ग्वाचोला ओढ्याच्या वाटेवर नेलं. तो माझ्याबरोबर सहज आला नाही. कळप सोडून माणसामागे चालायची त्याला सवय नाही, दर काही पावलांनी मागे वळून बघायचा. गोळी कानामागे लागली. एकच पुरली. त्याच्या डोक्यावर मी जन्मात कधी हात ठेवला नव्हता. तसा नियमच आहे. कालही ठेवला नाही.

तू वाचताना थांबला असशील. चुकून ग्वाचो लिहिलेलं नाही.

मी विचार केला तो असा. ग्वाचोला मी फक्त एका कामाला वाढवला, आणि त्या कामात तो आता चालत नाही. चटावलेला कुत्रा गाभण मेंढ्यांत ठेवायचा म्हणजे रोज सकाळी मोजत उठायचं. आणि दुसरीकडे कुठे त्याला जागा नव्हती. साखळीला बांधला तर तो खात नव्हता. माणसात तो राहू शकत नव्हता, कारण तसाच तो मी केला होता, चांगला जमला होता. दुकेला जागा आहे. त्याच्याजवळ एक काम आहे आणि ते त्याने बरोबर केलं.

तुझ्या हाताबद्दल मला कोणी सांगितलं ते विचारू नकोस. बहिणीला माणूस दोन महिने मशीनवर लिहितो, ते हाताला काही झाल्याशिवाय नाही. आणि तुझा कुत्रा पट्ट्याकडे कसा बघतो ते मी पहिल्या दिवशीच तुला लिहिलं होतं. मलाच वाचता आलं नाही. मी तीन पत्रं तुला विचारते आहे, माबेलला कुठे लागलं, आणि तू सांगतोस, बरी आहे, बरी आहे. खोटं एकदाही बोलला नाहीस. बँकेत तुला हे चांगलं शिकवलं.

बाबांचा पट्टा दारामागे असायचा. तू गाड्याखाली शिरायचास, मी उभी राहायचे, कारण मी मोठी होते आणि गाड्याखाली मावत नव्हते. त्यांनी मारलं म्हणून तू मारतोस, की त्यांचंच काही तुझ्यात उतरलं आहे, यावर मी काल संध्याकाळभर बसले. ठरवता आलं नाही. मी कोणावर पट्टा उगारला नाही म्हणून मी वेगळी, असं म्हणायला गेले, तर माझ्या घरात उगारायला कोणी नव्हतंच. तेव्हा ते सोडून दे. कुत्र्यांच्या बाबतीतही सोडून दे. मला या प्रश्नाचा वीट आला आहे. पट्टा कोणाच्या हातात आहे एवढं दिसतं, आणि तेवढं मला पुरे.

अनीबालने ग्वाचोकडे पाहिलं आणि विचारलं, "दुसरा?"

"तो माझा नाही. भावाच्या मुलीचा आहे. परत पाठवते आहे."

"चटावलेला कुत्रा देत नाहीत."

"मॉन्टेव्हिडिओला देते आहे."

तो म्हणाला, "तिथे मेंढ्या नाहीत."

"नाहीत."

"माणसं आहेत."

"ती आपलं आपण बघून घेतील."

"तुझ्या बापाने असं केलं नसतं," म्हणाला. मी म्हणाले, नसतंच केलं. तेव्हा तो उतरला. आम्ही माते प्यायलो. पावसाबद्दल बोललो. कातरणीला तो तीन माणसं देणार आहे. मेंढ्या विण्याच्या दिवसांत मी मेंढवाड्याशेजारी झोपणार आहे, दुसरा इलाज नाही.

दुके मंगळवारच्या गाडीने निघेल. पेटीवर नाव माबेलचं आहे. तुझं नाही. त्याला गच्चीवर ठेवायचं नाही. तो पुन्हा चावला तर कोणाला चावला हे मला माबेलच्या हातच्या पत्रातून कळलं पाहिजे. तसं तिला वेगळं लिहिलं आहे. तिला माझ्याकडे यायचं असेल तर तेही लिहिलं आहे, सुट्टीपुरतं किंवा कायमचं. ते तू ठरवायचं नाहीस.

ओफेलिया


मॉन्टेव्हिडिओ, ५ जुलै १९६३

ओफेलिया,

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर तुझं नशीब. उजव्याची दोन बोटं मिटत नाहीत. बँकेत मी सांगितलं की बसच्या दारात सापडली.

तू मला न विचारता कुत्रा पाठवलास. मी पाठवला तसाच. हे मी समजून घेतो. पण माझ्या मुलीला माझ्या पाठीमागे पत्र लिहिणं, माझं घर कसं चालवावं ते शेकडो मैलांवरून मला सांगणं, यावर मी अतिशय रागावलो आहे आणि ते तुला कळावं अशी माझी इच्छा आहे.

मी बाबा नाही. बाबा पिऊन मारायचे. मी पीत नाही.

हे वाक्य लिहून मी वाचून पाहिलं. खोडत नाही, राहू दे.

काल दोघी मला न सांगता स्टेशनवर गेल्या. मी घरी आलो तेव्हा कुत्रा आत होता. माबेलच्या खोलीच्या उंबऱ्यात आडवा पडला होता, सगळा उंबरा व्यापून. तुझ्याकडे त्याचं वजन वाढलं आहे. मी नेलीला विचारलं, हा इथेच राहणार का? ती म्हणाली, हो. भांडी घासत होती, वळली नाही. मी म्हणालो, आणि मला आत जायचं असलं तर? ती म्हणाली, त्याला विचार.

या घरात मला असं कोणी बोललं नव्हतं.

जेवण झाल्यावर मी तिच्या खोलीकडे गेलो. हात रिकामे होते. दिवा मालवायचा होता, एवढंच. खरंच एवढंच होतं, तू विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. तो उठला नाही, गुरगुरला नाही. डोकं उचललं आणि माझ्या हातांकडे बघायला लागला. आधी एका, मग दुसऱ्या. मी उभा राहिलो. माबेल पांघरुणातून बघत होती. मी बाहेरूनच म्हणालो, दिवा मालव. तिने मालवला. मी अंधारात पॅसेजमध्ये उभा होतो, आणि मला ऐकू येत होता तो त्याचाच श्वास. तिचा येत नव्हता. ती झोपलेली नव्हती. मी जाईपर्यंत ती श्वास धरून होती, असं मला वाटतं. किती वर्षं धरते आहे, कोण जाणे.

याचं काय करायचं ते मला माहीत नाही. तुलाही विचारत नाही.

आज सकाळी माबेल कुत्र्याला ओलांडून बाहेर आली, दूध प्यायली आणि दप्तर उचललं. दारातून म्हणाली, त्याला पाणी ठेवा. मला म्हणाली की नेलीला, ते कळलं नाही. मी ठेवलं.

दार्दो